बैल गाडीला ओढतो, गाडी बैलाला ओढते, मग गाडी पुढे जाते कशी? क्रिया-प्रतिक्रिया बलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ हा पाठ सुरुवातीलाच येतो. पहिले दोन नियम पोरं गणितं सोडवून पार करतात, तिसरा नियम पाठ करतात आणि खरे घोटाळे तिसऱ्यातच होतात. खालचे प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही पालकांचे, एक-दोन माग चालवणाऱ्यांचे. उदाहरणं मुद्दाम सोलापुरातलीच घेतली आहेत, म्हणजे वाचून झालं की बाहेर पडून बघता येईल.

न्यूटनचा तिसरा नियम नेमका काय सांगतो?

एका वस्तूनं दुसरीवर बल लावलं, की त्याच क्षणी दुसरी वस्तू पहिलीवर तेवढंच बल उलट दिशेनं लावते. न्यूटननं हे १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडलं. वाक्य सोपं आहे, पण त्यातला ‘दुसरी वस्तू’ हा भाग वाचताना डोळ्याआड होतो आणि पुढचे जवळजवळ सगळे गोंधळ तिथूनच सुरू होतात. ही दोन बलं कधीही एकाच वस्तूवर नसतात.

जोडी बरोबर पकडली का, हे तपासायची एक युक्ती आहे. बलाचं वर्णन ‘कोणी कोणाला’ अशा वाक्यात करा आणि दोन नावांची अदलाबदल करा. ‘पाय जमिनीला मागे ढकलतो’ हे उलटवलं की ‘जमीन पायाला पुढे ढकलते’. झाली जोडी. नावं उलटवून वाक्य जमत नसेल, तर ती जोडी नाही. या पानावर हीच युक्ती पुन्हा पुन्हा वापरली आहे.

क्रिया आधी आणि प्रतिक्रिया नंतर, असं ना?

नाही. दोन्ही एकदम सुरू होतात, एकदम संपतात. कुठल्या बलाला क्रिया म्हणायचं आणि कुठल्याला प्रतिक्रिया, ही आपली सोय. नावं बदलली तरी उत्तर बदलत नाही आणि गुणही जात नाहीत.

बैल गाडीला जेवढ्या बलानं ओढतात तेवढ्याच बलानं गाडी बैलांना मागे ओढते. मग दोन्ही बलं रद्द होऊन गाडी जागेवरच राहायला हवी ना?

हा प्रश्न पडला नाही, तर नियम वाचलाच नाही असं खुशाल समजा. गाळप हंगामात जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसानं शिगोशीग भरलेल्या टायरगाड्यांची रांग लागलेली असते. त्यातली एक धरू.

समजा खिलारी बैलजोडीचं वस्तुमान ८०० किलो आणि उसासकट गाडीचं १६०० किलो. बैल गाडीला ८०० न्यूटननं (न्यूटन हे बलाचं एकक) पुढे ओढताहेत. म्हणजे गाडीही बैलांना ८०० न्यूटननं मागे ओढते, यात कसलीच सूट नाही.

आता फक्त गाडीकडे बघा. तिच्यावर पुढे ८०० न्यूटन. रस्ता आणि चाकं यांचा विरोध मागे, समजा ६०० न्यूटन. उरले २०० न्यूटन पुढे. १६०० किलोला २०० न्यूटन, म्हणजे त्वरण (बल भागिले वस्तुमान) ०.१२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी हलली. बैलांना मागे ओढणारं ८०० न्यूटनचं बल या हिशेबात आलंच नाही, कारण ते गाडीवर लागलेलंच नाही.

मग फक्त बैलांकडे बघा. त्यांच्यावर मागे ८०० न्यूटन आहेत. त्यांनाही गाडीइतकंच त्वरण हवं, नाहीतर जू निसटेल. ८०० किलोला ०.१२५ म्हणजे १०० न्यूटन पुढे शिल्लक राहायला हवेत. एकूण ९०० न्यूटन पुढे लागतील. ते देतं कोण? जमीन. बैल खूर रोवून जमिनीला ९०० न्यूटननं मागे रेटतात आणि जमीन त्यांना तेवढ्यानंच पुढे रेटते.

गाडी-बैल मिळून एकच वस्तू धरली तरी हिशेब जुळतो: जमिनीकडून ९०० पुढे, विरोध ६०० मागे, उरले ३००, एकूण वस्तुमान २४०० किलो, त्वरण तेच ०.१२५. अशी पडताळणी वहीत स्वतः करून बघा. शिक्षकानं फळ्यावर केलेली डोक्यात राहत नाही.

गाडी निघते की नाही हे बैल विरुद्ध गाडी या कुस्तीवर ठरत नाही, ते खुरांखालच्या जमिनीवर ठरतं. शेतातून पक्क्या रस्त्यावर यायच्या चढाला चिखल झाला, की तेच बैल, तीच गाडी, आणि गाडीवान खाली उतरून चाकाला खांदा लावतो.

म्हणजे चालताना आपल्याला जमीन ढकलते? आपण आपल्या पायांनीच चालतो की!

पायांनी चालतो, पण पाय स्वतःच्या शरीराला बाहेरून ढकलू शकत नाहीत. पाय जमिनीला मागे रेटतो, घर्षणामुळे जमीन पायाला पुढे रेटते, आणि या दुसऱ्या बलामुळे आपण पुढे जातो. शहाबादी फरशीवर साबणाचं पाणी सांडलं की पायाची ताकद कमी झालेली नसते. जमिनीला रेटायलाच जमत नाही, म्हणून तीही आपल्याला रेटत नाही.

पावसात काळ्या रानात गाडी रुतली की चाक गरागर फिरतं, गाडी मात्र हलत नाही. का?

तेच कारण. इंजिन चाक फिरवतं, चाकानं जमिनीला मागे ढकलायला हवं. काळी माती ओली झाली की लोण्यासारखी होते, चाकाखालून सरकत मागे उडते. चाक मातीला ढकलतं तेवढंच माती चाकाला ढकलते, पण ते बल गाडी खड्ड्यातून वर काढण्याएवढं नसतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पिळून फायदा नाही, चाक आणखी खोल जातं. चाकाखाली पोतं, दगड, तुराट्या, काहीही खरखरीत घाला.

याच प्रश्नाला जोडून ट्रॅक्टर. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे आणि समोर चढ, की ट्रॅक्टरची पुढची चाकं कधीकधी उचलली जातात. इंजिन मागची चाकं एका दिशेनं पिळतं, तर ती चाकं ट्रॅक्टरच्या धडाला उलट दिशेनं पिळतात. तोंड वर जातं ते या उलट पिळामुळे. पोरांना गंमत वाटते, पण ट्रॅक्टर मागे उलटून ड्रायव्हर खाली सापडण्याचं हे एक कारण आहे. क्लच हळू सोडायला सांगतात ते उगाच नाही.

रेल्वे तर गुळगुळीत लोखंडावर चालते. तिथे कोण कोणाला ढकलतं?

चाक रुळाला मागे, रूळ चाकाला पुढे. लोखंडावर लोखंड, म्हणजे घर्षण बेताचंच. मोटर ज्या चाकांना फिरवते त्यांच्यावर जेवढं वजन, त्या प्रमाणात रूळ पुढे ढकलू शकतो. म्हणून इंजिन जड ठेवतात आणि पावसात रूळ ओले झाले की चाकांपुढे वाळू सोडायची सोय इंजिनातच असते.

सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. ती स्टेशनातून सुटताना चटकन वेग घेते, हे सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जाणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. नुसत्या मोटरच्या ताकदीचा हा प्रश्न नाही. साध्या गाडीत रुळाला मागे रेटायचं काम एकट्या इंजिनाची चाकं करतात. वंदे भारतमध्ये निम्म्या आसांना मोटर आहे. रेटणारी चाकं जास्त, त्यांच्यावर येणारं वजन जास्त, म्हणून रुळाकडून परत मिळणारा रेटाही जास्त.

टेबलावरचं पुस्तक: वजन खाली आणि टेबलाचा रेटा वर. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी ना? गाइडात तसंच दिलंय.

गाइडात असेल, पण चूक आहे. या एका चुकीवर मी इतर कुठल्याही चुकीपेक्षा जास्त चिडतो, कारण ती इतकी नीटनेटकी दिसते की खरी वाटते. वजन पुस्तकावर आहे, टेबलाचा रेटाही पुस्तकावरच. एकाच वस्तूवर दोन्ही, मग जोडी कसली?

पुस्तकापेक्षा चांगलं उदाहरण आपल्याकडे दर संक्रांतीला रस्त्यावर येतं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांची (उंच काठीच्या ध्वजांची) मिरवणूक निघते आणि बाराबंदी घातलेला मानकरी उभा नंदीध्वज पेलत चालतो. समजा ध्वजाचं वजन ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलो, आणि मानकऱ्याचं ७०० न्यूटन.

पृथ्वी ध्वजाला ४०० न्यूटननं खाली ओढते. नावं उलटवा: ध्वज पृथ्वीला ४०० न्यूटननं वर ओढतो. ही एक जोडी. मानकरी ध्वजाला वर रेटतो. उलटवा: ध्वज मानकऱ्याला खाली रेटतो, आणि त्याच्या कमरेला, पाठीला जाणवतो तो हाच भार. ही दुसरी जोडी. मानकऱ्याचे पाय जमिनीला एकूण ११०० न्यूटननं खाली दाबतात, जमीन त्याला ११०० न्यूटननं वर रेटते. तिसरी जोडी.

ध्वजाचं वजन आणि मानकऱ्याचा वरचा रेटा मात्र दोन्ही ध्वजावरच आहेत. ध्वज वर-खाली होत नाही तोवर ती समान असतात, एवढंच. मानकरी पटकन गुडघ्यात वाकला, तर त्या क्षणी त्याचा रेटा ४०० पेक्षा कमी होतो, वजन मात्र ४०० च राहतं. खऱ्या जोडीतली दोन बलं अशी कमी-जास्त होऊच शकत नाहीत. वाकताना मानकऱ्याचा ध्वजावरचा रेटा कमी झाला, तर ध्वजाचा मानकऱ्यावरचा दाबही नेमका तेवढाच कमी होतो.

ध्वजाचं टोक पुढे झुकलं की मानकरी झटकन पाऊल पुढे टाकून बूड टोकाखाली आणतो, हे मिरवणुकीत जवळ उभं राहून बघा. ते पाऊल उचलायलाही त्याला जमिनीलाच मागे रेटावं लागतं, आणि तेही खांद्याएवढ्या गर्दीत.

भिंतीला बुक्की मारली तर भिंत पण आपल्याला मारते का बे?

मारते. हात सुजतो तो कशानं?

ट्रक आणि स्कूटरची टक्कर झाली तर ट्रकचं बल जास्त असणारच ना?

दोघांवर बल सारखंच. हे पालकांनाही पटत नाही, कारण स्कूटरचा चुराडा होतो आणि ट्रकच्या बंपरला ओरखडा उठतो. एमएच १३ ची एक स्कूटर, चालकासह २०० किलो, आणि भरलेला ट्रक २०,००० किलो घ्या. धडकेच्या एका क्षणी दोघांमध्ये २०,००० न्यूटनचं बल आहे. स्कूटरचं त्वरण १०० मीटर प्रति सेकंद वर्ग, ट्रकचं १. बल समान, पण वस्तुमानात शंभर पट फरक, म्हणून वेगातल्या बदलातही शंभर पट. स्कूटरवाल्याला झटका बसतो तो या १०० चा, ट्रकच्या १ चा नाही. हेल्मेटनं बल नाहीसं होत नाही. डोकं थांबायला थोडा जास्त वेळ आणि थोडी जास्त जागा मिळते, त्यामुळे बल कमी होतं.

एसटीनं ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. ही ब्रेकची प्रतिक्रिया?

नाही, हे जडत्व. बस मंदावते, आपलं शरीर आधीच्याच वेगानं पुढे चाललेलं असतं. पुढे ढकलणारं कोणी नाहीच. प्रतिक्रिया शोधायची तर पुढच्या सीटच्या दांड्यात शोधा: तुम्ही दांडा पुढे रेटता, दांडा तुम्हाला मागे.

बंद पडलेल्या गाडीत बसून डॅशबोर्डला जोर लावला तर गाडी का ढळत नाही?

हात डॅशबोर्डला पुढे रेटतात, त्याच वेळी तुमची पाठ सीटला मागे रेटते. डॅशबोर्ड आणि सीट एकाच गाडीचे, हिशेब शून्य. खाली उतरा. मग तुमचे पाय डांबराला रेटतील आणि डांबर बाहेरचं आहे.

मागावर धोटा इकडून तिकडे जातो तेव्हा माग का हादरतो?

हा प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातून, मागांच्या वस्तीतून आला आणि पाठ्यपुस्तकात तो नाही, याची मला खंत आहे. सोलापुरी चादर ज्या यंत्रमागांवर निघाली, त्यांतल्या जुन्या मागांवर आडवा धागा (बाणा) वाहून नेणारा लाकडी धोटा दोन पेट्यांमध्ये इकडून तिकडे पळतो. पिकर, म्हणजे पेटीतला ठोकणारा भाग, त्याला फटका देतो आणि धोटा ताण्याच्या (उभ्या) धाग्यांमधून तिरासारखा पलीकडे जातो.

ढोबळ आकडे घेऊ. धोटा अर्ध्या किलोचा. पेटीतल्या वीसेक सेंटिमीटरच्या अंतरात त्याला शून्यापासून १२ मीटर प्रति सेकंद वेग द्यायचा. म्हणजे त्वरण ३६० मीटर प्रति सेकंद वर्ग आणि बल १८० न्यूटन, जवळपास १८ किलोचं ओझं पेलायला लागतं तेवढं. पिकर धोट्याला उजवीकडे १८० न्यूटननं ढकलतो, त्या क्षणी धोटा पिकरला, म्हणजे पर्यायानं अख्ख्या मागाला, डावीकडे १८० न्यूटननं ढकलतो. पुढच्या क्षणी उजवी पेटी धोट्याला थांबवते. पेटी धोट्याला डावीकडे रेटते, धोटा मागाला उजवीकडे. एका फेरीत मागाला आधी एका बाजूचा आणि लगेच दुसऱ्या बाजूचा धक्का. मिनिटाला अशा शंभराहून जास्त फेऱ्या, आणि एका शेडमध्ये माग कितीतरी.

पण या आडव्या धक्क्यावरच हे संपत नाही. आडवा धागा ठोकून घट्ट बसवणारा, पुढे-मागे होणारा हात्या धोट्यापेक्षा कितीतरी जड असतो. तो दर फेरीला वेगानं पुढे येऊन बाणा ठोकतो आणि मागे जातो, त्याची प्रतिक्रिया धोट्याहून मोठी. म्हणून माग जमिनीत बोल्ट मारून पक्के करावे लागतात. बोल्ट ढिला झाला की माग दर ठोक्याला किंचित सरकतो, आवाज बदलतो आणि जुना कामगार लांबूनच ओळखतो.

रेपिअर मागात धोटा उडत नाही, पातळ दांडी किंवा पट्टी धागा घेऊन आत जाते. तिथे धोट्याचा फटका गेला, पण दांडीला पुढे-मागे करायचा हिशेब राहतोच. हादरे हलके होतात, नाहीसे होत नाहीत.

रॉकेट हवेला मागे ढकलून वर जातं, मग चंद्राजवळ हवा नसताना ते कसं चालतं?

रॉकेट हवेला ढकलत नाही, स्वतःच्याच जळालेल्या वायूला ढकलतं. रॉकेट वायूला खाली, वायू रॉकेटला वर. बाहेर हवा असली काय, नसली काय. उलट हवा थोडा अडथळाच आणते. दिवाळीतलं बाटलीतून उडवायचं रॉकेटही तसंच.

हा गैरसमज पोरांचाच आहे असं नाही. रॉकेटवर काम करणाऱ्या रॉबर्ट गोडार्डची ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १३ जानेवारी १९२० च्या अग्रलेखात याच मुद्द्यावरून टिंगल केली होती. दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी. वर्गात कोणी हा प्रश्न विचारला तर हसू नका, हे त्यासाठी सांगितलं.

चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटचं उड्डाणाच्या वेळचं वस्तुमान सुमारे ६४० टन. जमिनीवरून उचललं जायलाच वायूनं त्याला ६२ लाख न्यूटनहून जास्त बलानं वर ढकलायला हवं. २३ ऑगस्ट २०२३ ला लँडर उतरला तेव्हा चंद्रावर हवा नसल्यानं पॅराशूटचा उपयोगच नव्हता. इंजिनानं वायू खाली फेकून वेग मारावा लागला.

आपणही पृथ्वीला ओढतो म्हणता. मग उडी मारली की पृथ्वी वर येते?

येते. ६० किलोचा माणूस पृथ्वीला सुमारे ५९० न्यूटननं ओढतो. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं, इतके किलो. भागाकार करा: त्वरणाच्या दशांश चिन्हानंतर बावीस शून्यं येतात आणि मग पहिला आकडा. कुठल्याच उपकरणाला ते दिसणार नाही.

‘करावे तसे भरावे’ म्हणजेच तिसरा नियम का?

नाही. कर्माचं फळ उशिरा मिळतं आणि कधी मिळतही नाही असं म्हणतात. प्रतिक्रिया बल त्याच क्षणी आणि पै-पैचं मिळतं. नेत्यांच्या भाषणांत हा नियम आला की मी चॅनल बदलतो.

परीक्षेत आकृती कशी काढावी?

प्रत्येक वस्तू वेगळी काढा. बैल एकीकडे, गाडी दुसरीकडे, जमीन तिसरीकडे. जोडीतले दोन बाण दोन वेगळ्या आकृत्यांत यायला हवेत, आणि सारख्याच लांबीचे. एकाच आकृतीत जोडीचे दोन्ही बाण आले तर खोडरबर घ्या.

घरी करता येईल असा एखादा प्रयोग?

किराणा दुकानात असतो तसला डिजिटल काटा मिळवा. वाटीत किंवा पेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. आता वरून एक बोट पाण्यात बुडवा, भांड्याला कुठेही न टेकवता. आकडा वाढेल, बोट पेराएवढं बुडलं तर चार-पाच ग्रॅम, आख्खं बुडलं तर त्याहून जास्त. पाणी तर एक थेंबही वाढलं नाही. पाणी बोटाला वर रेटतं, हे उत्प्लावक बल शाळेत शिकवतात. बोट पाण्याला खाली रेटतं हे कोणी सांगत नाही आणि काटा नेमकं तेच दाखवतो. वाढलेले ग्रॅम म्हणजे बोटानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन.

मग दोऱ्याला बांधलेला छोटा दगड पाण्यात लोंबता सोडून बघा. दोरा हातातच धरा. दगडाच्या पूर्ण वजनाएवढी वाढ होते का, कमी होते, हे आधी वहीत लिहा आणि मग काटा बघा. दगड तळाला टेकला तर आकडा एकदम उडी मारेल, तेव्हा हात स्थिर ठेवा आणि पंखा बंद करा, वाऱ्यानं काटा हलतो.